वाटाड्या कप्तानाचं गरम ताट

बाल्बोआ बंदर, शुक्रवार

आदरणीय क्लेलियामामी,

तुमच्या गुडघ्यांना आणि मामांच्या स्वभावाला उतार पडला असेल अशा आशेने लिहायला बसलो. मी मजेत. माझ्या या पाचव्या नोकरीला मामांनी तीन आठवड्यांची मुदत दिली होती. ती काल संपली आणि नोकरी अजून आहे. हे वाक्य त्यांना दोनदा वाचून दाखवा.

जाता जाता राहिली, ते सांगतो. काल आमचं छोटं जहाज पाहुण्यांना घेऊन कालव्यातल्या 'गातून' नावाच्या तलावात होतं. कालव्याचा वाटाड्या कप्तान चढला की जहाज त्याचं, आणि त्याला गरम ताट मिळालंच पाहिजे, हे तुमच्या घरात वेगळं सांगायला नको. स्वयंपाकी डॉन सेफेरिनो यांनी ताट हाती देऊन बजावलं, "सरळ वर जा. वाटेत कुणाशी बोलू नकोस." मी सरळच निघालो होतो. पण एका पाहुण्या बाईंनी विचारलं, त्या झाडावर काय आहे? आता प्राणी दाखवणं हेही माझंच काम (खरं तर दुर्बिणी पुसणं, पण पुसता पुसता दिसतंच की). ताट खाली ठेवून मी स्लॉथ दाखवला आणि त्याच्या आळसावर वीस मिनिटं बोललो. (मामा म्हणतील, विषय घरचाच होता.) एकोणीस जणांनी फोटो काढले. जवळ गेल्यावर कळलं, ते वाळवीचं घर होतं. खरे वन्यजीव माझ्या पाठीमागे जेवत होते: सात काळे तालिंगो पक्षी. ताटात लिंबाची फोड उरली.

"आता तुझंच डोकं शिजवून वाढ," सेफेरिनो म्हणाले. कप्तान उपाशी राहिला तर जहाजाची अब्रू जाणार आणि माझी नोकरी. तेव्हा आठवलं, रविवारी तुम्ही डब्यात दिलेलं कोंबडीचं सांकोचो मी बर्फाच्या पेटीत जपून ठेवलंय. उकळलं, वर नेलं. वाटाड्या कप्तान बाराओना यांनी पहिला घोट घेतला आणि पेद्रो मिगेलचे, जहाज खाली उतरवणारे पाणदरवाजे येईपर्यंत भांडं पुसून लख्ख केलं.

मग म्हणाले, "कुणी केलं रे हे?"

"मीच." (मामी, तोंडातून गेलं.)

"गाव कुठलं?"

"हे काय, समोरचं. पाराईसो."

"तरीच," म्हणाले, आणि तुमच्या गल्लीसमोर लांबलचक भोंगा दिला. ज्या कालव्यात मामांनी बत्तीस वर्षं होडीतून दुसऱ्यांच्या जहाजांना दोर नेऊन दिले, तिथे आपल्या घरच्या रश्श्यासाठी जहाज ओरडलं. माझी छाती फुगली ती अजून खाली आलेली नाही.

तुमचा, अजून नोकरीत असलेला,
एलियास

ता. क. भोंगे दोन झाले. पहिला मागच्या तेलवाहू जहाजाचा. मामा त्यालाच माझा समजून गल्लीभर सांगत नाहीत ना, तेवढं बघा.

आणखी ता. क. सेफेरिनो लेकीच्या लग्नासाठी सुटीवर चाललेत. येत्या गुरुवारपासून स्वयंपाकी मी. त्याच दिवशी कप्तान बाराओना पुन्हा चढणार आहेत आणि आतापासून भूक राखून आहेत. मला फक्त अंडं उकडता येतं, आणि तेही कसं, ते तुम्ही पाहिलंय. तेव्हा गुरुवारी सकाळी सांकोचोचं मोठं पातेलं घेऊन, आमचं जहाज निघतं त्या गाम्बोआच्या धक्क्यावर या.

शेवटचं. मामांनाही आणा. दोराची कामं माझ्या रक्तातच आहेत, असंही मी त्याच भरात कप्तानांना सांगून बसलोय.