सातवी गाठ

हैदराबाद, ४ फेब्रुवारी २०२५

ती. मायले श्यामलालचा पाया पडून नमस्कार. वि. वि. मी मजेत हाय.

फोनवर तू नुसती हो हो म्हणतेस, म्हणून लिहून राहिलो. आमच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात एक मोठी गाडी आली, सात सीटची. पैशाचं जमलं, जागेचं तू सांग. तुम्ही सहा बाया मासोळी घेऊन तुमसरच्या बाजारात जाता अन् ऑटोवाला वासापायी टोपले खाली उतरवते, हे आता बंद करू. गाडी गावातला सोमाजीकाका चालवन. मी इथंच राहतो, मले गावात करमत नाही हे तुले मालूम हाय.

अडचण अशी, की मागची सीट उभी ठेवली तर एकच टोपलं मावते. पाडली तर टोपले मावतात, पण बाया चारच. सगळ्यांचं माप धाडजो. शकुनमावशीचं खरं धाडजो.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा श्यामलाल

आंधळगाव, १३ फेब्रुवारी

चि. श्यामलालले मायचा आशीर्वाद. माय सांगून राहिली, मी खुशी लिहून राहिली.

माय म्हणते, इंच-फूट आम्हाले समजत नाही. जाळ्याच्या सुतळीले गाठी मारून धाडली. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत एक बाई, मंग गाठीपासून गाठीपर्यंत एकेका बाईची जागा. काळा धागा बांधला ते टोपल्याचं माप. मापाच्या वेळी शकुनमावशीनं श्वास आत ओढला होता, तिचं चार बोटं वाढव. दर बाजाराले एक बाई पाळीनं तलावाच्या राखणीले थांबते, तवा पाचच जागा पाहजो. टोपल्यावर टोपलं ठेवू नको, मासोळी दबते. मधात फळी टाक.

माय विचारते, सात सीट चालवणाऱ्याले धरून का सोडून? सोमाजीकाकाचं माप तिनं घेतलं नाही. अन् दादा, बाया सहा, तरी गाठी सात काहून, असं मी विचारलं तर जाळं पुढं ओढून विणत बसली.

जीव लावतो तसा लावत राय.

खुशी

हैदराबाद, २२ फेब्रुवारी

ती. मायले नमस्कार. वि. वि. सुतळी भेटली.

मागची सीट दोन भागांची निघाली. अर्धी पाडली, फळी टाकली, अन् टोपल्याच्या मापाचे पाच टप दोन मजल्यांत बसले. उरलेल्या अर्ध्या सीटवर जनामावशी. मधात तिघी. शकुनमावशी समोर, ऐसपैस.

सातवं माप कुठंच लागेना. यार्डातले पोरं हसत होते, म्हणे सुतळी घेऊन कोणत्या देवाची पूजा करून राहिला. शेवटी चालवणाऱ्याच्या सीटवर बसलो न सुतळी खांद्यावर धरली. तवा समजलं. घरी खुंटीवर टांगून आलो होतो, त्या माझ्या निळ्या शर्टाचं माप हाय. दोन बोटं कमी पडते. तेवढा मी इकडं रुंद झालो.

सीट सात, चालवणाऱ्याले धरून. सोमाजीकाकाले सांगजो, राग मानू नको, गाडी मीच घेऊन येतो. रोज तुमसर जाऊन येणं झालं तर करमनच, बसून कुठं राहाचं हाय मले.

खुशीले आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहू दे, फक्त सातवी गाठ दोन बोटं पुढं सरकव.

तुझा श्यामलाल