माफ केलेल्या कर्जाचा रकाना

आई, मी पुन्हा कुवेतला आलोय. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, कॉलेजचं काय? सोडलं. तिसऱ्या वर्षाला विभागप्रमुखांच्या टेबलावर जर्नल आपटलं, बाहेर पडलो आणि परत गेलो नाही. सगळ्यांना मी हेच कारण सांगतो, पण ते अर्धंच आहे. लहानपणी इथल्या शाळेच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारी, तुला मावशी म्हणणारी ती मुलगी आठवते? फिजिओथेरपी शिकून ती इथेच नोकरीला लागली, आणि पुण्यात मला वर्गाच्या भिंतीसुद्धा दिसेनाशा झाल्या. इथे यायला तिच्याच वडिलांनी पैसे दिले. व्हिसा, तिकीट, सगळं धरून तीन लाख, माझ्या रत्नागिरीच्या खात्यात. "तुझ्या आईचे उपकार आहेत आमच्यावर, सवडीने फेड," म्हणाले. तेव्हा त्यांना आमच्याबद्दल काही माहीत नव्हतं.

आता मी शर्कमधल्या उंच इमारतींच्या गच्चीवर एसीची मोठी यंत्रं सांभाळतो. दुपारी धूळ उठते तेव्हा समुद्र आणि आकाश एक होतं, खालचा मासळीबाजार हळूहळू पुसला जातो, आणि त्या पिवळट उजेडात तू चालत येतेस. पांढरा कोट हातावर, लॅबमधून थेट. मी नऊ वर्षांचा आहे. मासळीवाल्याने वजनात मारलंय हे मला दिसलं आणि मी भर बाजारात ओरडायला लागलोय. तो हसतो, मला गप्प करायला ओंजळभर कोळंबी पिशवीत टाकतो, आणि मी गप्प होतो. तू पिशवी माझ्या हातातून घेतेस, कोळंबी परत त्याच्या बर्फावर ओततेस. "भांडायचं होतं तर घ्यायची नव्हती. घेतलीस तर आता तोंड उघडू नकोस." घरी येईपर्यंत तू बोलली नाहीस. स्वयंपाकघरात पापलेट तळताना मात्र पहिला तुकडा मलाच दिलास. फुंकून.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या वडिलांना आमचं कळलं. मला सालमियाला घरी बोलावलं, चहा दिला, चिवडाही दिला. ती ड्युटीवर होती. मला वाटलं होतं ओरडतील, त्याची मी तयारी करून गेलो होतो. ते शांतपणे म्हणाले, "बाळा, तुला पदवी नाही. तू जलीबला एका खोलीत सहा जणांत राहतोस. मी तुला वाईट म्हणत नाही. ते तीन लाख विसरून जा. आणि हिलाही." मी काहीच बोललो नाही. मी, आई, आणि काहीच बोललो नाही.

मग परवा, शुक्रवारी सकाळी, मी भारतातला आयकर रिटर्न भरायला गेलो. तू गेल्यावर तुझ्या नोकरीचे जे पैसे मिळाले, त्यांची एफडी बाबांनी माझ्या नावावर ठेवलीय. त्या एफडीच्या व्याजावर तिकडे कापलेला कर परत मागायचा, तर दरवर्षी रिटर्न भरावा लागतो. इथल्या निम्म्या मराठी लोकांचे रिटर्न कुवेत सिटीतल्या एका बँकेतले एक काका सुट्टीच्या दिवशी आपल्या जेवणाच्या टेबलावर भरून देतात. तिच्या वडिलांचेही तेच बघतात.

"तुझे तीन लाख त्यांनी सोडले म्हणे," चष्मा पुसत ते म्हणाले. "काल मेसेज आला. मग ते इतर उत्पन्नात दाखवू या."

"उत्पन्न कसलं? मला एक पैसा मिळालेला नाही."

"फेडायचे होते ते वाचले ना? परक्याने एवढी रक्कम सोडली की ती मिळाल्यासारखीच धरायची. यावरून वाद घालणारे आहेत, पण मी दाखवतो. भानगड नको."

"आणि परका नसला तर?"

"जवळच्या नात्यात सूट असते. काका, मामा, आत्या." त्यांनी बोटांवर मोजलं. "सासरासुद्धा चालतो. सासरा असता तर प्रश्नच नव्हता." मग माझ्याकडे बघून हसले. "कान का लाल झाले रे? बोल, नातं काय लिहू?"

त्यांच्या कागदावर तो रकाना रिकामा होता. आतून त्यांची बायको डोसा हवा का विचारत होती, आणि मला वाटत होतं की मी कुठूनतरी खूप उंचावरून त्या टेबलाकडे बघतोय, आणि तिथे बसलेला मुलगा आता 'काही नाही' म्हणणार. कारण ते एकदा लिहून खाली माझी सही झाली, की मी पैसे घेतले. घेतले आणि तिला सोडलं.

"लिहू नका," मी म्हणालो. "माफ झालेलंच नाही. मी फेडतोय."

"कधीपासून?"

"आजपासून."

"नुसतं तोंडी नको. त्यांना लेखी कळव की सूट नको. आणि हप्ता कसा देणार? एफडी मोडणार?"

"ती नाही मोडणार."

त्यांनी कागद बाजूला सरकवला. "डोकं थंड ठेवून लिही," एवढंच म्हणाले.

आज सकाळी तिच्या वडिलांना लिहिलं. तीन ओळी. पैसे माफ नकोत, दर महिन्याला पगारातून इतके पाठवीन, पहिला हप्ता पाठवला आहे. तुमच्या मुलीबद्दल माझं म्हणणं बदललेलं नाही. दुपारपर्यंत उत्तर नाही. तिचा मात्र फोन आला. "बाबा तुझा मेसेज धरून बसलेत. मला सांगशील का, कसली सूट?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दोन महिने लावलेस."

तिला वाटतंय की दोन महिने मी रागाने धुमसत होतो. तसंच वाटू दे. तुला लिहितोय ते कुणाला दाखवणार नाही म्हणून लिहितो. त्या दिवशी चहा पिऊन त्यांच्या दारातून बाहेर पडलो आणि लिफ्टमध्ये शिरलो तेव्हा मला राग आलेला नव्हता. मला हलकं वाटत होतं. तीन लाखांचं कर्ज गेलं, सुटलो, असं. तळमजला येईपर्यंत तिची आठवणसुद्धा आली नव्हती.