शिक्का टेबलावर ठेवला

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे. स्वयंपाक माझाच असूनही दोन्ही वेळा पोटभर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

एक सांगायचंय, आधी बसून घ्या.

लिफ्टचे ब्रेक तपासून शिक्का मारायचा, हे माझं कारखान्यातलं काम. महिनाभर साहेब म्हणत होते, "न तपासताच मार, माल अडकलाय." मी टाळत राहिले. सोमवारी त्यांनी दम दिला, तेव्हा शिक्का त्यांच्या टेबलावर ठेवला आणि राजीनामा लिहून दिला. दुसरी नोकरी हातात नाही.

परतताना सारखे तुम्ही आठवत होतात. खराब ब्रेकची बस डेपोबाहेर सोडणार नाही म्हणून भांडून तुम्ही भरदुपारी घरी आला होतात. आईने ताट वाढलं. दादा आणि मी मात्र खूश, बाबा दुपारीच घरी! तुम्ही आम्हाला पत्ते शिकवलेत आणि मुद्दाम हरत राहिलात.

त्या दिवशी तुम्हीही घाबरला होतात का हो? घाबरला असाल तर तसं कळवा. मला धीर येईल.

दादाला एवढ्यात सांगू नका.

तुमची धाकटी