कापलेली दुवा

टोरांटो
मंगळवार, ९ फेब्रुवारी

प्रिय सुबेरदादा,

अस्सलाम अलैकुम. आबोंचे गुडघे सोडले तर त्यांची तब्येत ठीक आहे. होयोचा रक्तदाब गोळीने काबूत आहे, पण आईचा जीव तुझ्यातच. बाहेर उणे अठरा, इमारतीच्या दोनपैकी एक लिफ्ट बंद, म्हणजे सगळं तू सोडून गेलास तसंच. तुझी तब्येत चांगली असावी. टीव्हीवर तरी तशी दिसली. कोट नवा आहे.

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे पुढचं लिहिताना माझा हात भरकटणार नाही.

१. परदेशी दूतांनी मध्यस्थी करून त्या हॉटेलात करार घडवला. करारात आपलं गाव एल-जालो शेजारच्या प्रांताला जोडलं. एल-जालोच्या कुणालाही विचारलं नाही.
२. त्याविरुद्ध इथे समिती झाली. अध्यक्ष आबो, चिटणीस त्यांचाच मुलगा, तू.
३. समितीने तुला निरीक्षक म्हणून तिकडे मायदेशी पाठवलं.
४. त्याच करारातल्या, आपल्या घराण्याच्या वाट्याच्या जागेवर तू गेल्या महिन्यात खासदार झालास.
५. अशा जागेला घराण्यातल्या वडीलधाऱ्याची संमती लागते. निवड करणाऱ्यांसमोर तू आबोंच्या आवाजातली दुवा ऐकवलीस.
६. ते रेकॉर्डिंग गेल्या शुक्रवारी इथे पोचलं. डिक्सन रोडच्या आपल्या वस्तीत ते ज्यावर नाही असा फोन आता नसेल.
७. आबोंनी संमती दिलेली नाही. आवाज आबोंचाच आहे.

हे मी बोलून का पाठवलं नाही, असं तुला वाटेल. आपल्यात पत्र कोण लिहितं? पण बोललेलं कापता येतं, हे आता घरातल्या सगळ्यांना कळलं आहे. पत्र शम्सोच्या नवऱ्याबरोबर देते आहे. तो आज निघतो, गुरुवारी तुझ्याकडे पोचेल. पाकीट चिकटवलेलं आहे. त्याला वाटतं आत होयोची औषधाची चिठ्ठी आहे.

शनिवारी आबो नेहमीसारखे चहाच्या दुकानात गेले. मी त्यांना आणायला गेले तेव्हा आत शिरले नाही, दारापाशी थांबले. तिथली मंडळी तुला माहीत आहेत. बसल्या जागी देश जिंकतात आणि चहा संपायच्या आत हरतात. इल्मीकाकांनी आबोंसाठी दोन खुर्च्या ओढल्या होत्या.

"बस गुलेद," ते म्हणत होते. "दोन्हींवर बस. एक इथली, एक तिथली. तुला सवय झाली असेल."

कुणीतरी हसलं. आबो उभेच राहिले.

"इल्मी, माझ्या पोराने दुवा मागितली. मी दिली."

"कशासाठी ते विचारलंस?"

"तुझा मुलगा दुवा मागतो तेव्हा तू विचारतोस?"

"माझा मुलगा ट्रक चालवतो, बाबा. त्याची दुवा कुणी संसदेत वाजवत नाही."

यावर सगळे हसले. मग इल्मीकाकाच उठले, आबोंना कोट घालायला मदत केली, दारापर्यंत आले. मला पाहून म्हणाले, "ने पोरी यांना. रस्ता निसरडा आहे." वाईट माणूस नाही. गेली दोन वर्षं दर रविवारी फोनवरच्या सभेत आबोंच्या मागोमाग तेच बोलायचे. त्यांच्याही चुलत्याची विहीर एल-जालोत आहे. आता त्यांना वाटतं की दोन वर्षं ते एका सौद्याची किंमत वाढवायला ओरडत होते. पुरावा समोर आहे म्हटल्यावर मी तरी काय वेगळं समजले असते?

घरी आल्यावर आबोंनी फोन माझ्यापुढे धरला. "तू कानाच्या यंत्रांचं काम करतेस. सांग, हा माझा आवाज आहे?"

"हो आबो."

"हे मी म्हटलं?"

"हो."

"कधी?"

मी सांगितलं, ईदच्या दिवशी, स्वयंपाकघरात. तुझा फोन आला होता आणि तो टेबलावर मोठ्या आवाजात लावून ठेवला होता. तू म्हणालास की सकाळी रस्त्याने निघायचं आहे, वाटेत तीन टोळ्यांचे तीन नाके आहेत, आबो, दुवा द्या. आबोंनी हात वर केले. अल्लाह तुला लोक उभे असतील तिथे बसायला जागा देवो. तुझा शब्द जमिनीवर न पडो. वैऱ्याच्या दारातून तुला सुखरूप बाहेर काढो. प्रवासाला निघालेल्याला हे सगळे म्हणतात. खासदारालाही शोभतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. म्हणजे कुणाच्या तरी आलं.

रेकॉर्डिंगमध्ये तुझी विनंती नाही. रस्ता नाही, नाके नाहीत. आबोंच्या अर्ध्या श्वासापासून ते सुरू होतं. कापणाऱ्याचा हात सफाईचा नाही. 

काल समितीचे चौघे घरी आले. होयोने चहा दिला, वेलची नेहमीपेक्षा जास्त पडली होती. त्यांनी आबोंसमोर दोन वाटा ठेवल्या. येत्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये सभा आहे. तिथे आबोंनी कुराणावर हात ठेवून सांगावं की हा आवाज माझा नाही, यंत्राने बनवला आहे, आणि मी उभं राहून त्याला दुजोरा द्यावा. नाहीतर त्यांनी सगळ्यांसमोर दुवा परत घ्यावी.

"मुलगी शिकलेली आहे," एकजण म्हणाले. "हिने सांगितलं की पटेल लोकांना. दोन मिनिटांचं काम."

मी म्हणाले, "मी दिवसभर बहिऱ्या माणसांना नीट ऐकू यावं म्हणून काम करते, काका. ऐकू येणाऱ्यांना उलटं सांगणं मला जमणार नाही."

"घराण्याच्या अब्रूसाठीसुद्धा?"

आबोंनी मला उत्तर देऊ दिलं नाही. ते म्हणाले, "तिच्यावर टाकू नका. मी खोटी शपथ घेणार नाही. दुवा परत घेईन."

दादा, तुला सांगायला नको, पण लिहिते. दिलेली दुवा परत घेतली की तिच्या जागी काही नाही असं उरत नाही. बापाने परत घेतलेली दुवा म्हणजे बापाचा शाप. आपण दोघं इतकी वर्षं इथे राहिलो, इथल्या शाळांत शिकलो. तरी तू यावर हसणार नाहीस, हे मला माहीत आहे. लहानपणी शेजारच्या माणसाचं कशातच बरं झालं नाही की होयो एवढंच म्हणायची, त्याचा बाप त्याच्यावर रागावलेलाच वारला. 

काल रात्रीपासून आबो न्हाणीघरात जाऊन नळ सोडतात आणि रविवारी म्हणायचं ते म्हणून बघतात. त्यांना वाटतं, पाण्यात ऐकू जात नाही. मला जातं. सुरुवात ठीक करतात. अल्लाहचं नाव घेतात, सभेला साक्षी ठेवतात. तुझं नाव आलं की थांबतात. मग नळ बंद होतो.

मी त्यांच्या बाजूने लिहिते आहे असं समजू नकोस. आबोंची समितीही मला फार पटलेली नव्हती. एल-जालो न पाहिलेली माणसं त्याच्यासाठी घसा फोडत होती. पण करार मलाही मान्य नाही. परक्या टेबलावर नकाशा पसरून आपल्या विहिरी दुसऱ्याला द्यायच्या आणि त्याला शांतता म्हणायचं. हे पहिलं पत्रक तूच लिहिलं होतंस. वाक्य तुझं आहे. मी फक्त टंकलं होतं. तू मत बदललंस यात मला अपमान वाटत नाही. उघडपणे फोन करून म्हणायचं होतंस, "आबो, मी जागा घेतोय, तुमची संमती द्या." ते नाही म्हणाले असते. नाही ऐकायची तुझी तयारी नव्हती, एवढंच.

आता जे लिहायचं टाळते आहे ते.

काल मी ते रेकॉर्डिंग आमच्या प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत ऐकलं. तिथे बाहेरचा आवाज शिरत नाही. फोनवरून गेलेला आवाज पातळ होतो, वरचा भाग गळून जातो. या रेकॉर्डिंगमध्ये आबोंचा आवाज भरलेला आहे. त्यांच्या मागे आपल्या चुलीवरचा पंखा आहे, ज्याचं एक पातं वाकलं आहे आणि जो तू दुरुस्त करणार होतास. किटलीचं झाकण थडथडतं. म्हणजे हे तुझ्या टोकाला रेकॉर्ड झालेलं नाही. हे आपल्या स्वयंपाकघरात झालं.

दुवा एकट्याची नसते. प्रत्येक वाक्यानंतर हजर असलेले आमीन म्हणतात. रेकॉर्डिंगमध्ये तीन वाक्यं आहेत आणि प्रत्येकानंतर दोन आमीन. एक लांबचं आहे, भांडी घासण्याच्या जागेवरून, ते माझं. दुसरं इतकं जवळचं आहे की त्यातला श्वासही ऐकू येतो. दुसरा एक फोन पदराखाली धरला असावा, कापडाची सळसळ आहे.

डिक्सन रोडवरच्या शेकडो लोकांनी हे ऐकलं. ते आबोंची वाक्यं ऐकतात. मधली आमीनं कुणी ऐकली नाहीत. बाईचं आमीन कोण ऐकतं?

संध्याकाळी ताटं पुसताना मी विचारलं, "होयो, फोन बदललास?"

"जुना झाला होता."

"वर्षही नव्हतं झालं."

"झाला जुना." तिने ताट माझ्या हातातून घेतलं आणि कोरडं असलेलं पुन्हा पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाव नकाशात कुठेही जाऊ दे. नकाशावर कुणी झोपत नाही. माझं पोरगं दोन पदव्या घेऊन टॅक्सी चालवत चाळिशीला आलं. तुझ्या आबोंना एल-जालो पाहिजे होतं. मला एवढंच पाहिजे होतं की त्याने कुठेतरी एकदा खुर्चीवर बसावं आणि त्याच्यासाठी दुसऱ्याने दार उघडावं."

मी पुढचं ताट पुसायला घेतलं.  तिचं माहेर शेजारच्या प्रांतातलं, ज्याला आता एल-जालो मिळालं. हे कळलं तर चहाच्या दुकानातले एका दमात म्हणतील, बघा, रक्त शेवटी तिकडेच वाहिलं. चाळीस वर्षं आबोंचं घर सांभाळलं हे कुणी म्हणणार नाही. आबो काय म्हणतील ते मला माहीत नाही, आणि मला ते जाणून घ्यायचं नाही.

तिने तुला ते पाठवलं तेव्हा तू ते कशाला वापरणार हे तिला सांगितलं होतंस का, हा प्रश्न मी खोडून पुन्हा लिहिला आहे. उत्तर नको.

आता रविवारचं. आबो उभे राहतील, म्हणायचं ते म्हणतील. तुझ्या नावापाशी थांबतील, पण समोर माणसं असताना ते थांबून राहणारे नाहीत. आणि मग सगळा हॉल आमीन म्हणेल. बायकांच्या बाजूला, अध्यक्षांची बायको म्हणून, पहिल्या रांगेत होयो असेल. तिच्या दोन्ही बाजूंना बायका असतील, तिच्या तोंडाकडे बघत. तिला म्हणावं लागेल. म्हटलं नाही तर का नाही म्हटलं ते सगळ्यांना कळेल. एकाच मुलाची दुवा आणि त्याचा शाप, दोन्हींवर आमीन म्हणणारी ती पहिलीच आई असेल.

म्हणून मी संपूर्ण रेकॉर्डिंग पाठव असं सांगत नाही. ते पाठवलंस तर आबो सुटतील आणि ती सापडेल. तू स्वतःच्या आवाजात बोल. आबोंना फोन कर आणि सांग की तुम्ही प्रवासाची दुवा दिलीत, मी ती जागेची म्हणून वाजवली, तुम्हाला माहीत नव्हतं. ते फोन इल्मीकाकांच्या हातात देतील, तेव्हा त्यांनाही हेच सांग. रेकॉर्डिंग कुणी केलं असं विचारलं तर म्हण, माझ्याजवळ होतं. ते खरं आहे.

यानंतर तुझी जागा जाईल, बहुतेक. तिला दुसरा मिळेल. रांग आहे असं ऐकते. मी तुझं सांत्वन करणार नाही. पण इथे विमानतळावर उतरलास तर न्यायला मी येईन. चावी पूर्वीच्याच जागी आहे.

पत्र फाडून टाक. शनिवारी संध्याकाळपर्यंत आबोंच्या फोनवर फोन कर. माझ्या नको, होयोच्या नको.

इदिल
गुलेदची मुलगी, वारफाची नात. माझं नाव सोडलंस तर पुढची सगळी नावं तुझीच आहेत.