उभ्या गाडीचं भाडं

१२ जानेवारी

ती. दादास,
टाचणीचा साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतो, तेव्हा मनातल्या मनात). वि. वि.

घड्याळजींशी लग्न ठरल्याचं मागच्या पत्रात कळवलंच आहे. त्यावर तुझं उत्तर नाही. पत्र वाचून तू नुसता खोकलास, असं वहिनीने कळवलं. असो. आता पुढची बातमी. नोंदणी कचेरीत मी जुन्या मोटारीतून जाणार आहे.

टेकडीवरच्या गॅरेजवाल्याची ती काळी, लांब नाकाची मोटार तुला आठवेल. मी सीटवाल्या उस्तादांकडे नवीन लागले, तेव्हा तिची मागची सीट मी शिवली होती. माझी पहिली. शिवलेल्या सीटवर आपण बसायचं नाही, हा उस्तादांचा नियम. पुढे ढिगाने सीटा शिवल्या, पण हिच्यावर बसायचं मनात राहिलं ते राहिलंच.

आता गॅरेजवाला ती भाड्याने देतो. चालत्या गाडीचं भाडं ऐकून मी मटकन खाली बसले. फोटोपुरती उभी हवी असेल तर मात्र भाडं आवाक्यातलं आहे. गॅरेज वर, कचेरी खाली, मध्ये सगळा उतार. मी विचारलं की इंजिन सुरू न करता गाडी आपोआप खाली आली, तर ती उभी धरायची की चालती? तो पोट धरून हसला आणि पेट्रोल जळत नसेल तर उभीच, म्हणाला. परत वर ओढून न्यायला त्याची जीप आहे. अट एकच. या भाड्यात ड्रायव्हर मिळत नाही, तेव्हा ब्रेकवर पाय मुरलेला माणूस मी आणायचा. असा माणूस मला एकच माहीत आहे.

लोभ कमी करू नकोस, खोकला कमी कर.
तुझी,
टाचणी


२० जानेवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नाही.

आयुष्यभर बस चालवली आणि शेवटची वर्षं नव्या ड्रायव्हरांना शिकवण्यात घालवली. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतार उतरणारा एकही जण मी पास केला नाही. आता म्हातारपणी मीच तसा उतरू, तेही बहिणीला मागे बसवून? त्यांच्यातल्या कुणी पाहिलं तर तोंड कुठे लपवू? शिवाय बंद इंजिनाच्या गाडीचे ब्रेक म्हणजे रामभरोसे. गुमान टॅक्सीने जा.

घड्याळजींबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. माणूस सज्जन असेल. पण फुंकर मारली तर उडेल अशी तब्येत. जन्मभर इवल्याशा किल्ल्या फिरवलेला माणूस वेळप्रसंगी तुझा भार काय उचलणार? आणि छप्पन्नाव्या वर्षी हा घाट घालायचा कशाला? लोक काय म्हणतील, हे मी लिहीत नाही, पण ते म्हणतीलच.

तब्येत सांभाळ. लोभ आहे, तो लिहून दाखवायला लागू नये.
तुझा,
दादा


२७ जानेवारी

ती. दादास,
नमस्कार, जरा घुश्शातच.

आधी ब्रेकचं. या गाडीत पायापासून चाकांपर्यंत नुसत्या सळ्या आहेत, इंजिनाशी त्यांचं देणंघेणं नाही. हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, तेव्हा ब्रेकच्या आडून बोलू नकोस. तुझा राग गाडीवर नाहीच.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळे म्हणाले, टाचणी आहे ना. होतेच मी, आणि त्याचं मला दुःख नाही. पण आई गेल्यावरही कामावरून आले की दोन कप चहा ठेवायची सवय मोडेना. दुसरा कप रोज मोरीत ओतायचे. घड्याळजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा तो कप त्यांनी प्यायला. एवढंच झालं, दादा. भार उचलायला मला कुणी नको, रेक्झिनचे गठ्ठे मी एकटी उचलते.

तू नाही आलास तरी लग्न होईल. टॅक्सी मिळते. पण मी त्या सीटवर आणि पुढे तू, असं जायचं माझ्या फार मनात आहे. तू नसशील तर ती गाडीही नको. गॅरेजवाल्याला थोपवून धरलंय.

लोभ मागून मिळतो का, ते बघतेय.
तुझी,
टाचणी


४ फेब्रुवारी

चि. सौ. कां. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

मी आदल्या दिवशी येऊन गाडीखाली झोपून एकेक सळी तपासणार. गॅरेजवाल्याला वाईट वाटलं तर वाटू दे. गाडी उतरताना तू मागून चकार शब्द काढायचा नाहीस. मी मागे वळून बघणार नाही. त्या गाडीला आरसा नाही, हे मला आठवतं, आणि नको आहे. न्यूट्रलचा नियम डिझेल वाचवणाऱ्यांसाठी होता. बहीण सासरी पोचवणाऱ्यांसाठी तो मी केलेला नव्हता.

चहाचं मला आधी कळवायला हवं होतंस.

तुझा,
दादा

(कडेला, वहिनीच्या अक्षरात) टाचणे, हे रोज जेवणाच्या खुर्चीवर बसून हवेत ब्रेक दाबताहेत. खुर्ची अजून कुठे धडकलेली नाही, तेव्हा निर्धास्त राहा.


३ मार्च

चि. सौ. टाचणीस,
अनेकोत्तम आशीर्वाद.

त्या दिवशी परतीची गाडी गाठायच्या घाईत धड बोलणं झालं नाही. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण तुझी वहिनी सांगू देत नाही म्हणून तुला सांगतो. मी झकास चालवली.

काय तो उतार! इंजिनाचा आवाज नाही, नुसता वारा आणि टायरांची सळसळ. बेकरीपाशी लोक रांग मोडून बाहेर आले, शाळेची मुलं कुंपणावर चढली. समोरून बस घेऊन आला तो नेमका मी न्यूट्रलपायी नापास केलेला पठ्ठ्या. आता पक्का ड्रायव्हर झालाय. मला वाटलं, आता अब्रू गेली. तर त्याने बस बाजूला घेतली आणि उभं राहून सलाम ठोकला. मीही मान हलवली. पुढच्या वेळी त्याला पास करीन.

खाली सपाटीवर, छापखान्यापाशी, वेग मेला. वाटलं, संपलं, आता नवरी पायी जाणार. मी ब्रेकवरून पाय उचलला, स्टीअरिंग सरळ धरलं, आणि गाडीने अशी ओढ घेतली की थेट कचेरीच्या पायरीशी नेऊन लावली. याला म्हणतात अंदाज. टाळ्या तू ऐकल्यासच.

एकच खटकलं. नवरदेव दारात हवा होता. तो आपण पोचल्यावर मागून घाम पुसत उगवला, कोटाचं बटण तुटलेलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला वेळ पाळता येऊ नये? शुभदिनी बोललो नाही, एवढंच.

दोघं जोडीने या. लोभ आहे, आता लिहूनही दाखवतो.
तुझा,
दादा


१० मार्च

ती. दादा व ती. वहिनीस,
आम्हा दोघांचा नमस्कार.

दादा, फेब्रुवारीतल्या तुझ्या पत्राची पहिली ओळ वाचली आणि उरलेलं पत्र वाचायला मला संध्याकाळ झाली. ‘सौ. कां.’ एवढी दोन अक्षरं, पण शिवायला घेतलेल्या रेक्झिनवर टिपं पडली. बरं, रेक्झिनला पाणी लागत नाही.

वहिनीने सीटचं विचारलंय. बसले एकदाची. सगळी शिलाई बोटांनी चाचपली, एक टाका निसटलेला नाही. पण फार टणक आहे. शिवणारणीकडे तक्रार करायला हवी.

आता त्या अंदाजाचं. ते कुणाला सांगू नको असं यांनी मला बजावलंय, म्हणून मी गप्पच बसणार होते. पण तू वेळ पाळण्यावरून बोललास, तेव्हा माझा नाइलाज आहे. छापखान्यापाशी गाडी थांबली होती, दादा. पुरती थांबली होती. दुकान बंद करून हे कचेरीकडे निघाले होते, ते धावत आले. मागच्या काचेतून मला दिसलं, दोन्ही हात गाडीला, मान खाली, चष्मा एका कानाला लोंबतोय. मी तुला हाक मारणार, तर त्यांनी एक हात सोडून ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात गाडी पुन्हा अडली, तेव्हा परत दोन्ही हात लावले. तशी त्यांनी ती पायरीपर्यंत ढकलत आणली. बटण तिथेच तुटलं. दादांचा दिवस आहे, त्यांना तसंच वाटू दे, असं त्यांचं म्हणणं.

भार काय उचलणार, असं तू विचारलं होतंस. मी, तू आणि ती अख्खी लोखंडी मोटार. तेव्हापासून कंबर शेकत बसलेत, पण चेहरा बघशील तर पैज जिंकल्यासारखा.

आतून हाक आली. चहा त्यांनी केलाय आणि दोन्ही कप निवताहेत, तेव्हा पुरे करते. लोभ यापुढे दोघांना पुरेल एवढा पाठव.

तुझी,
सौ. टाचणी