मागच्या खिडकीचे दोन टाके

२ नोव्हेंबर
पडेगावच्या घरातली भाडेकरू रत्नमाला, दवाखान्यात नर्स आहे, तिचा फोन. मागच्या खिडकीचं ग्रिल हलतंय म्हणे. म्हटलं, "ताई, तीस वर्षं ग्रिलंच करतोय. हत्ती बांधा!" हसली. बसवताना आमचा कारागीर कडूबा म्हणत होता, चारी बाजूंनी वेल्डिंग मारू. कशाला? भाड्याच्या घराला दोन टाके बस.

१७ जानेवारी
पडेगावला चोरी! भरदुपारी, रत्नमाला ड्युटीवर असताना. नणंदेच्या लग्नाचे दागिने गेले. कुलूप शाबूत, ग्रिल जागेवर. हवालदार कपाट बघायचं सोडून विचारतो, घरी कोण कोण येतं? किळस आली. गल्ली सगळी गोळा – चहा पीत उभी, जसा काही साखरपुडाच.

१८ जानेवारी
वकील साहेबरावांकडे गेलो. करारनामा वाचून खूश. चोरीला घरमालक जबाबदार नाही, कलम अकरा. फक्त खिडकीची तक्रार आपल्याला आधी कळली होती असं निघालं, तर निष्काळजीपणा अंगावर येईल.
"लेखी आहे काही?"
म्हटलं, फोनवर बोलली होती.
"मग बोललीच नाही." आणि सुपारी कातरायला लागले. माणूस की अडकित्ता!
मी मान डोलावली.

२१ जानेवारी
पडेगावला गेलो. रत्नमालाची सासू मनकर्णाबाई लासूर स्टेशनहून आलेली. दारात चपला काढतानाच ऐकलं – माझे कान आधीपासून तिखट, गिऱ्हाईक कुजबुजलं तरी कळतं. "चोर काय हवेतून आला व्हय? माहेरी पोचवलं असंल हिनं." नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. थू!
रत्नमाला बाहेर आली. वाटलं, आता भरपाई मागणार. उत्तर कलमासकट तयार होतं. ती म्हणाली, "काका, मला काय नको. खिडकीचं मी सांगितलं होतं, एवढंच यांना सांगा."
म्हटलं, आठवत नाही.
निघताना मागच्या बाजूला गेलो. ग्रिलवर किल्ली वाजवली. जोड पक्का असला की लोखंड घुमतं. हे भद्द वाजलं. दोन्ही हातांनी उचललं – अख्खं हातात आलं. चोरानं काढून परत टेकवून ठेवलेलं.
मीही तसंच टेकवलं आणि घरी आलो.

२२ जानेवारी
जेवण गेलं नाही. हवालदार, वकील, सासू – तिघांना शिव्या देऊन झाल्या. चौथ्याचं नाव लिहायला हात धजत नाही.

२३ जानेवारी
या वहीतल्या २ नोव्हेंबरच्या पानाची झेरॉक्स काढली. खाली सही केली. मनकर्णाबाईसमोर रत्नमालाच्या हातात दिली. दोन टाक्यांच्या शेवटच्या ओळीवर कागद ठेवून झेरॉक्स काढावी, असं दुकानात मनात आलं होतं. नाही ठेवला.