हंगामी पाटीची मोटारसायकल आठ दिवस आधी रस्त्यावर आणण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
वाहन नोंदणी विभाग, जिल्हा कार्यालय,
वेस्टरहाम, पूर्व फ्रिसिया.

विषय : हंगामी नोंदणीच्या मोटारसायकलला दि. २४ मार्च ते ३१ मार्च असे आठ दिवस रस्त्यावर येऊ देणेबाबत.

संदर्भ : १) आपली दि. ११ मार्चची नोटीस (पदपथावर पुढचे चाक).
२) आपल्या खिडकीवर येण्यासाठी मिळालेली दि. ९ एप्रिल, सकाळी १०.४० ची वेळ.

महोदय,

अर्जदार ओक्को ब्रून्स, वय ६८, निवृत्त पूलचालक, राहणार बंधारा रस्ता, वेस्टरहाम, याने आजवर कोणत्याही सरकारी कार्यालयाकडे सवलत मागितलेली नाही. एकतीस वर्षे त्याने कालव्यावरचा पूल घड्याळाप्रमाणे उचलला आणि घड्याळाप्रमाणे खाली घेतला. एकदा पालिकेच्या अध्यक्षांची बोट चार मिनिटे लवकर आली, तर तिलाही त्याने चार मिनिटे थांबवून ठेवले. हे सांगण्याचे कारण एवढेच, की असा माणूस आज आपल्याकडे आठ दिवस मागतो आहे, तेव्हा त्यामागे काहीतरी असणार हे आपण समजून घ्यावे.

१. सदर मोटारसायकलची नोंदणी १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर एवढ्यापुरतीच आहे; बाकीचे महिने ती सार्वजनिक जागेवर नुसती उभीही करता येत नाही. पाटीच्या उजव्या कडेला वर ०४ आणि खाली १० असे आकडे पत्र्यातच ठोकलेले आहेत. हे महिने वीस वर्षांपूर्वी अर्जदाराने स्वतःच निवडले. "मार्चमध्ये आपल्याकडे गाडी काढायला कुणाला वेड लागलंय?" असे तो आपल्याच खिडकीवर मोठ्याने म्हणाला होता आणि रांगेतले लोक हसले होते. वेड लागायला वीस वर्षे लागली.

२. मोटारसायकल अर्जदाराने आणि त्याचा मित्र रेंके फोल्कर्ट्स याने १९८९ साली निम्मी निम्मी घेतली. अकरा वर्षांपूर्वी रेंके बायकोच्या गावी, स्पेनच्या पार पश्चिमेच्या किनाऱ्यावर राहायला गेला. गाडी इथे राहिली आणि त्याचे बूटही अर्जदाराच्या गॅरेजात राहिले. रेंकेच्या डाव्या मांडीच्या हाडात गाठ निघाली आहे. ३० मार्चला सकाळी त्याचा पाय मांडीपासून काढणार आहेत. "गाडी चालवायची नाही, पण मागे बसायला हरकत नाही," असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आहे. रेंकेने शस्त्रक्रिया आठ दिवस पुढे ढकलता येईल का असेही विचारून पाहिले. त्यावर डॉक्टर म्हणाले, "गाठ तुमच्या मित्राच्या पाटीवरचे आकडे वाचत नाही."

३. रेंकेचा जानेवारीअखेर फोन आला. तो म्हणाला, "ओक्को, आपली गाडी घेऊन ये. एकदा समुद्राकाठच्या रस्त्याने टोकापर्यंत जाऊन येऊ. दोन पाय खाली सोडून बसायचंय मला." अर्जदार म्हणाला, "तिकडे भाड्याने मिळते की." त्यावर तो जे बोलला ते सरकारी कागदावर लिहिता येत नाही. शेवटचे वाक्य तेवढे देतो : "भाड्याच्या गाडीवर मिरवायला मी काय सहलीला आलोय?"

४. त्यानंतर, दि. २ फेब्रुवारीपासून, अर्जदार सामान भरतो आहे. बाजूच्या दोन पेट्या आणि मागची एक पिशवी. पावसाळी विजार, क्लचची जादा तार, फ्यूज, साखळीचे तेल, पंक्चरचे सामान, प्रथमोपचाराची पिशवी, पिवळी जाकिटे दोन, दुसरे हेल्मेट. शिवाय रेंकेसाठी अर्धा किलो इथला चहा आणि मोठ्या खड्यांची खडीसाखर, कारण अकरा वर्षे कॉफी पिऊन त्याच्या तोंडाची चव गेली आहे. एवढे सामान एका दिवसात भरून होते. अर्जदाराला मात्र चैन पडत नाही. तो रोज सकाळी पेट्या काढतो, न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवतो, डावी पेटी चारशे ग्रॅमने जड निघते म्हणून चहा उजवीकडे हलवतो, मग उजवी जड होते. अर्जदाराची पत्नी हिल्के हिचे म्हणणे असे : "अरे, पेटी भरतोस की बाळाला न्हाऊ घालतोस? रोज काढतोस, पुसतोस, परत भरतोस. जा तरी, नाहीतर गप बस तरी!"

गप बसता येत नाही, हीच तर तक्रार आहे.

५. संदर्भ क्र. १ बद्दल. दोन्ही पेट्या लावल्यावर गाडी गॅरेजच्या दारातून निघते की नाही, हे पाहणे आवश्यक होते. ती निघते, पण आरसे आत वळवावे लागतात. ते वळवण्याच्या नादात पुढचे चाक सार्वजनिक पदपथावर एकोणतीस सेंटिमीटर गेले आणि सतरा मिनिटे तिथे राहिले. शेजारच्या तामेनबाईंनी आपणास कळवले. त्या दुसऱ्या दिवशी केक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ओक्को, तुमच्यावर राग नाही हो माझा. पण मार्च म्हणजे मार्च." अर्जदाराला त्यांचे म्हणणे पटले, कारण त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही कळवले असते. केक चांगला होता.

६. नोंदणी बारमाही करून घ्यावी, म्हणजे प्रश्न मिटला, असे आपण म्हणाल. अर्जदारालाही तेच वाटले. त्यासाठी खिडकीवर यावे लागते आणि खिडकीवर यायला वेळ घ्यावी लागते. अर्जदाराने वेळ मागितली, ती ९ एप्रिलची मिळाली. तरीही तो दि. १२ रोजी समक्ष आला. खिडकीवरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी विचारले, "वेळ घेतलीय का?" अर्जदार म्हणाला, "घेतलीय. नऊ एप्रिलची." ते म्हणाले, "मग नऊ एप्रिललाच या की." अर्जदाराने पाय, गाठ, तीस तारीख सगळे सांगितले. त्या गृहस्थांचा चेहरा खरोखर उतरला. ते म्हणाले, "फार वाईट झालं हो. पण वेळ नसलेल्या माणसाचं काम मी घेतलं, तर वेळ घेऊन बसलेल्यांनी काय करायचं?" खुर्च्यांवर नऊ माणसे बसली होती. अर्जदाराने त्यांच्याकडे पाहिले आणि तो घरी आला. पाच दिवसांच्या तात्पुरत्या पाटीचेही विचारले, पण तीही याच खिडकीवर मिळते आणि सरहद्दीपलीकडे तिचा भरवसा नाही.

७. अर्जदार हातावर हात ठेवून बसलेला नाही. त्याने पुढील पर्याय तपासले :

(अ) गाडी ट्रेलरवर टाकून नेणे. याला कायद्याची हरकत नाही. पण तिथे पोहोचल्यावर ती रस्त्यावर उतरवता येत नाही, फक्त रेंकेच्या खाजगी अंगणात फिरवता येते. रेंकेने अंगण पावलांनी मोजले. चौदा मीटर भरले, तेही कोंबड्यांना बाजूला काढून.

(आ) गाडी बंद ठेवून हाताने ढकलत नेणे. अंतर बावीसशे किलोमीटर. अर्जदार रोज वीस किलोमीटर ढकलू शकेल असे धरले, तरी पोहोचायला जुलै उजाडतो. तोवर पाटी कायदेशीर झालेली असेल, पण पाय नसेल.

(इ) आपल्या कार्यालयाने असा दाखला द्यावा, की अर्जदारापुरता मार्च महिना २३ तारखेला संपला. असा दाखला देण्याची तरतूद नाही, हे अर्जदारास ठाऊक आहे. तरीही ही विनंती नोंदवून ठेवावी.

८. विमा कंपनीने २४ मार्चपासूनचे संरक्षण लेखी दिले आहे. ते पत्र, डॉक्टरांचे पत्र आणि गाडीच्या तपासणीचा दाखला सोबत जोडला आहे. ब्रेक नवे आहेत, टायर नवे आहेत. कमी आहे ती एवढीच, की पत्र्यावर चाराऐवजी तीन हवा होता.

९. काल रात्री जेवताना रेंकेचा पुन्हा फोन आला. अर्जदाराने त्याला खिडकीची हकीकत सांगितली. तो पुष्कळ हसला. अर्जदाराने विचारले, "तुझे बूट आणू का? जड आहेत, डावी पेटी आधीच जड होतेय." तो म्हणाला, "दोन्ही आण. एकोणतीसपर्यंत दोन्ही लागतील." हिल्केने हे ऐकले. ती टेबलावरून उठली, गॅरेजात गेली, बुटांना तेल लावले आणि पेटीतला चहा काढून तिथे बूट भरले. मग अर्जदाराला म्हणाली, "आता वजन करायचं नाही." अर्जदाराने वजन केले नाही.

१०. यापुढचे मी अर्जदार म्हणून लिहीत नाही, माझ्या नावाने लिहितो. मला परवानगी हवी आहे, मनापासून हवी आहे. परवानगीशिवाय रस्त्यावर जायची मला भीती वाटते आणि लाजही वाटते. २३ तारखेच्या संध्याकाळपर्यंत मी आपल्या उत्तराची वाट पाहीन. ते आले नाही किंवा नकार आला, तरी मी २४ मार्चला सकाळी सहा वाजता निघणार आहे. लपतछपत जाणार नाही. बंधारा रस्त्याने, बाजारातून, तामेनबाईंच्या खिडकीखालून जाईन आणि हॉलंडच्या सरहद्दीकडे वळेन. त्यांना आपणास कळवायचे असल्यास सोयीचे व्हावे म्हणून वेळ मीच त्यांच्या दारात चिठ्ठी टाकून सांगितली आहे.

याबद्दलची नोटीस कृपया माझ्या घरी पाठवू नये, हिल्केला उगाच ताप होईल. रेंकेचा पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर लिहिला आहे, तिथे पाठवावी. ३० तारखेला मी दवाखान्यातल्या बाकावर असेन, तिथेही ती हातात घेऊन सही देईन. फक्त २९ मार्चला कोणाला पाठवू नये. त्या दिवशी आम्ही दोघे घरी सापडणार नाही.

आपला,
२३ मार्चपर्यंत आज्ञाधारक,

(सही)
ओक्को ब्रून्स
वेस्टरहाम, दि. १६ मार्च